पुढचा स्वे बार कडक करावा

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी हातातला कप खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगितलं तेव्हा आमच्या सोसायटीतल्या कुलकर्ण्यांना असा ठसका लागला, की निम्मा किस्सा त्यांची पाठ चोळण्यात गेला.

तर मी माती खाल्ली. साधीसुधी नाही! माईक हातात घेऊन, तीस-चाळीस माणसांसमोर, वर टाळ्या घेऊन खाल्ली. आणि त्यापायी माझी बायको... नाही, सुरुवातीपासूनच सांगतो.

मी मेकॅनिकल इंजिनियर. अहो, खरंच! दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटमध्ये डिग्री फ्रेम करून लावलीय, कधीही या बघायला. फक्त एवढंच, की गेली बावीस वर्षं मी केंद्र सरकारच्या एका खात्यात खुर्च्या, कपाटं आणि कूलर यांच्या खरेदीच्या फायली हलवतो. पण इथल्या मराठी मंडळींत मी 'इंजिनियर साहेब'. कुणाचा मिक्सर बंद पडला की मला फोन. मी जातो, मिक्सरकडे गंभीरपणे बघतो, "मोटर गेलीय" म्हणतो आणि चहा पिऊन येतो. आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

बायको मंजिरी. तीही केंद्र सरकारातच, आकडेवारीच्या खात्यात. दिवसभर तक्ते तपासणारी शांत बाई. पण चाळिशी ओलांडली आणि बाईंना गाडी पळवायचं वेड लागलं! रस्त्यावर नाही हं. रस्त्यावर ती इतकी शिस्तीत चालवते की मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून थकतात. तिला वेड ट्रॅकचं. ग्रेटर नोएडाच्या बाजूला ट्रॅक आहे, तिथे अधूनमधून हौशी लोकांसाठी दिवस ठेवतात. आपली गाडी आणा, हेल्मेट घाला, मनसोक्त पळवा. त्यासाठी आम्ही एक जुनी लाल हॅचबॅक घेतली आणि वजन कमी करायला मागची सीट काढून टाकली. सासूबाईंनी फोटो बघून विचारलं, "जावईबापू, सीट चोरीला गेली का हो?"

आमच्यात कामाची वाटणी पक्की. ती बॉनेट उघडत नाही आणि मी ड्रायव्हरच्या सीटवर बसत नाही. ती चालवणार, आणि मी... मी तांत्रिक विभाग! म्हणजे पाण्याच्या बाटल्या, खुर्च्या, डबा आणि टायरमधली हवा. खरं तांत्रिक काम करायचे इर्शादभाई, नोएडाचे आमचे मेकॅनिक. पांढरी दाढी, कमी बोलणं, आणि गाडी नुसती ऐकून दुखणं सांगणारे. पण बिल्ला माझ्या छातीवर होता ना? 'टेक्निकल', मोठ्या अक्षरात.

आता त्या दिवसाचं महत्त्व ऐका. तिथे हौशी लोकांचे दोन गट असतात, नवशिक्यांचा आणि पक्क्यांचा. दोन मिनिटं चाळीस सेकंदांच्या आत एक फेरी मारलीत की पक्क्यांच्या गटात, आणि पक्क्यांच्या गटालाच खऱ्याखुऱ्या शर्यतीत उतरता येतं. मंजिरीची आजवरची सर्वांत चांगली फेरी दोन बेचाळीसची. तीनदा गेलो, तीनदा तेच. दोन सेकंद कुठेतरी हरवले होते आणि सापडत नव्हते.

त्यात तिची बदली आली. गुवाहाटी! पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं. तिथे कुठला ट्रॅक आणि कुठलं काय? त्यामुळे फेब्रुवारीतला तो शनिवार म्हणजे शेवटचा चान्स. आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "शर्यत जिंकायची नाहीये रे मला. एकदा त्या गटात नाव लागलं पाहिजे, बस. मग जाते गुवाहाटीला खुशीत." आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली. या बाईने माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. म्हटलं, बिल्कुल! तू फक्त चालव, बाकी माझ्यावर सोड.

हे 'माझ्यावर सोड' मी बोललो नसतो, तर आज तुम्हाला सांगायला काही उरलंच नसतं.

सकाळी धुक्यातून रखडत ट्रॅकवर पोहोचलो. तेवढ्यात इर्शादभाईंचा फोन. घरी कुणी आजारी होतं, दुपारपर्यंत येतो म्हणाले. आणि शेवटी बजावलं, "साहब, गाडी सेट है. कुछ छेड़ना मत."

कुछ छेड़ना मत! बिल्ल्यावर 'टेक्निकल' लिहिलेल्या माणसाला!

पहिली खेप, म्हणजे लागोपाठ काही फेऱ्या, झाली. त्यातली सर्वांत चांगली दोन त्रेचाळीस. मंजिरी हेल्मेट काढत म्हणाली, "अरे, नाक वळत नाहीये गाडीचं. चौथ्या वळणावर मी स्टीअरिंग फिरवते आणि गाडी आपली बाहेर-बाहेर सरळ जाते. पुढच्या चाकांना पकडच मिळत नाही."

मी तिची फेरी कठड्यावरून बघितली होती. मला काय दिसलं? गाडी वळणावर झुकत होती. चांगली एका बाजूला कलंडत होती! आणि माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. झुकते म्हणून पकड सुटते. पुढून पकड सुटते म्हणजे पुढचा भाग कमजोर. जिथे कमजोर, तिथे मजबूत करा! तुम्हीच सांगा, चुकीचं वाटतं का काही? नाही ना? मलाही नाही वाटलं.

आता गाडी झुकू नये म्हणून तिच्या पोटाखाली एक आडवी लोखंडी सळई असते. तिला म्हणतात स्वे बार. एक टोक डाव्या चाकाकडे, दुसरं उजव्या. पुढच्या चाकांना एक, मागच्या चाकांना एक. आमच्या पुढच्या बारच्या दोन्ही टोकांना तीन-तीन भोकं होती. चाकाकडून येणारा छोटा दांडा बाहेरच्या भोकात जोडला की बार नरम, मधल्या भोकात मध्यम, आतल्या भोकात कडक. इर्शादभाईंनी ठेवला होता सगळ्यात नरम. मी मनात म्हटलं, बघा! आजार इथेच आहे.

मी लगेच डायरी काढली. सवय हो! बावीस वर्षं फायलीवर टिप्पणी लिहिल्याशिवाय मी पंखासुद्धा हलवलेला नाही. लिहिलं: "समस्या: नाक वळत नाही. कारण: पुढील भाग कमजोर. प्रस्ताव: पुढचा स्वे बार कडक करावा. मंजुरीस्तव सादर." मंजुरी देणाऱ्या बाई ड्रायव्हर लोकांच्या रांगेत चहा आणि ब्रेड पकोडा घेत होत्या. म्हटलं, कशाला त्रास द्यायचा? खाली मीच सही ठोकली. जॅक लावला, गाडीखाली सरपटलो, आणि अर्ध्या तासात दोन्ही बाजूंचे दांडे मधल्या भोकात बसवले. हात काळे झाले, शर्ट काळा झाला. काय सांगू, बावीस वर्षांनी इंजिनियर झाल्यासारखं वाटलं!

गाडीखालून बाहेर आलो तर शेजारच्या गाडीचे चड्ढाजी उभे. गुडगावचे टाइल्सचे व्यापारी, आडव्या अंगाचे, दिलदार. त्यांची गाडी आमच्याच मॉडेलची, बारसुद्धा तसाच.

"सर जी, क्या कर रहे हो?"

आता एखाद्याने म्हटलं असतं, कुछ नहीं जी. मी उठलो, हात पुसले आणि पाऊण तास समजावलं! गाडी का झुकते, पकड कुठे जाते, कडकपणाचे फायदे. चड्ढाजी मान डोलवत होते. मागे आणखी दोन-तीन मंडळी जमली. तेवढ्यात तिथून आयोजक चालले होते, भल्ला नावाचे. त्यांनी बिल्ला वाचला. "अरे वा, आप इंजिनियर हैं? नए लोगों को पाँच मिनट में ज़रा यह समझा दीजिए ना, प्लीज़!"

आणि माझ्या हातात माईक दिला.

आता सरकारी माणसाच्या हातात माईक देऊन 'पाँच मिनट' म्हणणं ही भल्लांची चूक होती. मी सतरा मिनिटं बोललो. हिंदीत बोललो, मध्ये इंग्रजी पेरलं, एकदा हातवारे करून वळणावर झुकणारी गाडी करून दाखवली. शेवटी म्हणालो, "तो मित्रों, आगे पकड़ चाहिए, तो आगे का बार टाइट कीजिए!" टाळ्या! अहो, टाळ्या पडल्या. मंजिरी मागे उभी राहून ऐकत होती. नवऱ्याकडे कौतुकाने बघत होती हो बिचारी.

दुसरी खेप. मंजिरी गेली, आली. दोन पंचेचाळीस.

"झुकत नाही आता गाडी," ती म्हणाली, "एकदम सपाट वळते, छान वाटतं. पण वळतच नाही रे! पहिल्यापेक्षा जास्त बाहेर जाते."

मी विचारात पडलो. फार नाही, थोडाच. झुकणं कमी झालं, म्हणजे दिशा बरोबर! फक्त मात्रा कमी पडली. तुम्हाला म्हणून आतलं गुपित सांगतो. सरकारात योजना फसली तर योजना मागे घेत नाहीत, निधी वाढवतात. मी डायरी काढली. "पूर्वीच्या उपायाचा अंशतः लाभ दिसून आला आहे. सबब बार आणखी कडक करावा." सही. जॅक. दांडे आतल्या भोकात. आता याच्यापुढे भोकच नव्हतं.

काम चालू होतं तेव्हाच चड्ढाजी परतले. गाडीवर धूळ, मिशीवर धूळ. चौथ्या वळणावर सरळ खडीत गेले होते. मी पाना पाठीमागे लपवला. पण चड्ढाजी काय म्हणाले असतील?

"सर जी, आपका फ़ॉर्मूला एकदम सही है. गड़बड़ मेरी ड्राइविंग में है."

मी म्हटलं, "कोई बात नहीं, प्रैक्टिस कीजिए."

बघा निर्लज्जपणा! त्यांच्या मागून आणखी दोघे आले, दोघेही चौथ्या वळणावरून सरळ बाहेर जाऊन आलेले. दोघांनीही पुढचा बार कडक केलेला. तिघे मिळून स्वतःलाच दोष देत उभे. हे बघून तरी माझ्या टाळक्यात काही शिरायला हवं होतं की नाही? शिरलं. पण तोपर्यंत मंजिरीची तिसरी खेप सुरू झाली होती आणि लाल गाडी समोरून सूं करून निघून गेली होती.

मी कठड्याकडे धावलो. पहिली फेरी नीट झाली. दुसऱ्या फेरीत ती चौथ्या वळणावर आली, पुढची चाकं वळलेली मला स्पष्ट दिसली, आणि गाडी मात्र नाकासमोर सरळ निघाली! पांढरे पट्टे ओलांडले, गवत ओलांडलं, आणि खडीत घुसली. धुळीचा हा एवढा लोट! पिवळे झेंडे. गाडी दिसेना.

अहो, मी देवाधर्माचा माणूस नाही. पण त्या काही सेकंदांत मी गणपतीपासून म्हसोबापर्यंत सगळ्यांना साद घातली. धूळ बसली, दार उघडलं आणि ती बाहेर आली. स्वतःच्या पायांनी. हेल्मेट काढलं आणि झेंडेवाल्याला हात केला, ठीक आहे म्हणून.

तिची गाडी ओढून आणली. गाडीला काही झालं नव्हतं, नुसती खडी भरली होती. आणि त्याच वेळी इर्शादभाई आले. आले, वाकले, पुढच्या चाकामागे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"साहब, यह किसने किया?"

मी इकडेतिकडे बघितलं. तिथे दुसरं कुणी नव्हतं.

"वो... झुक रही थी ना गाड़ी," मी म्हटलं.

इर्शादभाईंनी मला खाली बसवलं आणि शांतपणे समजावलं. ते म्हणाले, पुढची दोन चाकं म्हणजे दोन हमाल. वळणावर वजन बाहेरच्या हमालाकडे सरकतं, ते तर सरकणारच. पण आतल्या हमालाच्या डोक्यावर थोडं ओझं राहिलं तर तोही जमिनीला पाय रोवून मदत करतो. बार कडक केला की आतल्या हमालाचं उरलंसुरलं ओझंही बाहेरच्याच्या डोक्यावर जातं. मग आतला नुसता शिट्टी वाजवत चालतो आणि बाहेरचा दबून मरतो. एकावर दुप्पट ओझं टाकलं म्हणून तो दुप्पट ओढत नाही. दोघांची मिळून पकड कमीच होते.

"गाड़ी का झुकना कम हुआ, साहब, लेकिन पकड़ भी गई. जिस तरफ़ बार टाइट करोगे, उसी तरफ़ की पकड़ जाएगी."

म्हणजे मी सकाळपासून बरोबर उलटं करत होतो! पुढे पकड हवी होती आणि मी पुढचीच पकड काढून घेत होतो, एकेका भोकाने.

मी मंजिरीकडे गेलो. ती घडीच्या खुर्चीवर बसली होती, डबा मांडीवर, गुळपोळी हातात, पण खात नव्हती. मी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, "जाऊ दे रे. चल, घरी जाऊ."

"घरी? अजून एक खेप आहे."

"काय उपयोग? सकाळी त्रेचाळीस, मग पंचेचाळीस, मग थेट खडीत. दर वेळी वाईटच होतंय. तू एवढं करतोयस, सकाळपासून गाडीखाली झोपलायस. माझ्यातच नाही ते. वय झालं, दुसरं काय. पॅकिंग तरी सुरू करते गुवाहाटीचं."

आणि तिने डोळे पुसले. धुळीमुळे, म्हणाली.

मला इतकं लाजिरवाणं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मी डायरीत खाली लिहिलं, "वरील दोन्ही उपाय उलटे ठरले. गाडीची पकड त्यामुळेच गेली," आणि डायरीच तिच्या हातात दिली. तोंडाने सांगायची हिंमत नव्हती. तिने वाचलं. पहिली टिप्पणी, दुसरी टिप्पणी, दोन्ही खालच्या सह्या, आणि ती शेवटची ओळ. तिचे डोळे एकदम कोरडे झाले!

"इर्शादभाईंनी सकाळी फोनवर छेडू नको सांगितलं होतं ना?"

"हो."

"म्हणजे हे मी नव्हते?"

"नाही. मीच. शंभर टक्के मी."

"मी मूर्खासारखी रडत बसलेय इथे!" ती उठली. "आणि ते मघाशी माईकवर बोललास, ते पण हेच?"

"हेच."

"सतरा मिनिटं?"

"तू वेळ लावलेली?"

"आधी जा," ती दात-ओठ खात म्हणाली, "आणि त्या सगळ्यांना सांग. कुणी मरेल तुझ्यामुळे! मग गाडी होती तशी कर. मी खेप करणार आहे."

भल्लांकडून परत माईक मागायला माझी जीभ रेटेना. पण गेलो. म्हणालो, "मित्रों, सुबह दिए गए निर्देश तत्काल प्रभाव से रद्द समझे जाएँ. आगे का बार नरम कीजिए. मैं ग़लत था." या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. मग मागून चड्ढाजींचा आवाज आला, "तो मैं ठीक चला रहा था?" आणि त्या माणसाने येऊन मला कडकडून मिठी मारली! वाटलं आता थोबाडीत बसणार, पण बिचाऱ्याला इतकं हायसं वाटलं होतं की तो मला सोडेना. त्याच्या मिठीतून सुटण्यात माझी पाच मिनिटं गेली.

आता शेवटच्या खेपेला दहा मिनिटं राहिली होती. इर्शादभाई चड्ढाजींचा आणि त्या दोघांचा बार नरम करायला गेले, कारण पाप माझं असलं तरी निस्तरायला तेच. आमची गाडी माझ्याकडे. मी डाव्या बाजूचा दांडा काढला, बाहेरच्या भोकात बसवला, नट आवळला. उजव्या बाजूला आलो. दांडा काढला, बाहेरच्या भोकात घातला, आणि भोंगा वाजला. मंजिरी आत बसून पट्टे आवळत होती. ट्रॅकच्या माणसाने आवाज दिला, "लाल गाड़ी! चलो, चलो!" मी घाईघाईने गाडीखालून बाहेर सरपटलो, जॅक काढला. इर्शादभाई लांबून ओरडले, "साहब, हो गया?"

"हो गया!" मी ओरडलो.

गाडी सुटली. मी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि घाम पुसायला रुमाल काढावा म्हणून खिशात हात घातला. रुमालाबरोबर हाताला काहीतरी गार लागलं.

नट.

उजव्या बाजूचा नट! माझ्या खिशात! गाडी ट्रॅकवर!

"इर्शादभाई!" मी असा काही ओरडलो की चहावाला किटली टाकून पळाला. इर्शादभाईंनी नट बघितला, डोळे मिटले, उघडले. म्हणाले, दांडा सुटला असेल तर बार आता एका बाजूने मोकळा, म्हणजे काही कामाचाच नाही. ते चालतं. फक्त लोंबकळणारा दांडा चाकाला लागायला नको. "मॅडम को अंदर बुलाओ, फ़ौरन!"

परत बोलवायला तिथे एक पाटी असते, वर गाडीचा नंबर आणि त्याखाली 'आत या' म्हणून खालच्या दिशेचा बाण. इर्शादभाई झेंडेवाल्याकडे धावले. मी पाटी उचलली आणि कठड्यावर ओणवा झालो. लाल गाडी सरळ रस्त्याने येत होती. मी पाटी डोक्यावर धरून उड्या मारल्या, दोन्ही हातांनी हलवली, जीव खाऊन ओरडलो. मंजिरीने माझ्याकडे बघितलं. बघितलं, हात वर केला, आणि आणखी जोरात गेली!

मी पाटी उलटी धरली होती. तिला बाण पुढे जा म्हणताना दिसला. वर नवरा उड्या मारतोय! तिला वाटलं, पश्चात्तापाने पेटून प्रोत्साहन देतोय. इर्शादभाई झेंडेवाल्यापर्यंत पोहोचले, तोवर ती केव्हाच पुढे निघून गेली होती.

ती एक फेरी माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब फेरी. आमच्या खात्यात फाईल तीन वर्षं फिरते, पण तीही इतकी लांब वाटत नाही. चौथं वळण आलं. मी डोळे मिटले. मग वाटलं, मिटून काय होणार, उघडले. आणि काय बघतो? गाडी वळली. एकदम नाक आत घालून वळली, आणि निघून गेली. झुकली होती चांगली, पार कलंडली होती. पण वळली!

ती रेषा ओलांडून गेली आणि भल्लांनी माईकवरून ओरडून सांगितलं, "रेड कार, टू थर्टी-एट!"

दोन अडतीस!

चड्ढाजी नाचायला लागले. मी नाचलो नाही, मी कठडा धरून उभा होतो, आणि ती पुढची फेरी हळूहळू मारून आत येईपर्यंत तसाच उभा राहिलो. गाडी थांबली. मंजिरी उतरली, हेल्मेट काढलं आणि लहान मुलीसारखी ओरडत सुटली. "अडतीस! अडतीस! अरे, काय वळली रे गाडी! जरा खडखड येत होती उजवीकडून, पण वळली! तू नीट केलंस अखेर! थँक यू!" आणि तिने सगळ्यांसमोर मला मिठी मारली. ती मिठी मी घेतली. अगदी निवांत घेतली. जिवंत, धडधाकट, पक्क्यांच्या गटातली बायको. म्हटलं, खरं सांगायला एक मिनिट थांबलो तर काय बिघडतं?

पण इर्शादभाई खाली वाकले होते. त्यांनी उजव्या चाकामागे हात घालून तो दांडा हलवून दाखवला. लोंबकळत होता.

"मॅडम, इस तरफ़ से तो खुला था. बार ने पूरे लैप में कुछ काम ही नहीं किया. इसी लिए इतनी पकड़ मिली आगे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ऊपरवाले का शुक्र है कि पहिए में नहीं फँसा. दोबारा ऐसा मत करना, साहब."

मंजिरीने मिठी सोडली. माझी मूठ उघडली. आत नट. तिने नटाकडे बघितलं, दांड्याकडे बघितलं, मग बराच वेळ माझ्या छातीवरच्या बिल्ल्याकडे बघितलं. मला वाटलं, आता गुवाहाटीला एकटीच जाणार आणि तिकडचीच होणार.

आणि ती हसायला लागली. इतकी हसली की कठड्याला टेकून खाली बसली.

"म्हणजे तू मन लावून काम केलंस तेव्हा मी खडीत गेले," ती डोळे पुसत म्हणाली, "आणि अर्धवट सोडलंस तेव्हा दोन अडतीस! बावीस वर्षं सरकार तुला पगार का देतं, ते आज समजलं मला. अरे, तू खरोखरच कामाला लागलास तर देश कुठे जाईल?"